भंडारदरा–साम्रद–घाटघर: दोन दिवस सायकल, सांदण दरीत मात्र पायी

सांदण दरीत सायकल चालत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. साम्रद गावाजवळ बेसाल्ट खडकाला पडलेली ही भेग साधारण दोन किलोमीटर लांब आहे. दोन्ही बाजूंचे कडे दोनशे ते चारशे फूट उंच आहेत आणि तळाला घरंगळून आलेल्या शिळांचा खच आहे. तिथे सायकल खांद्यावर घेऊन उतरणारे व्हिडिओ दिसतात. त्यात सायकल माणसावर बसलेली असते, माणूस सायकलवर नाही. दरीच्या तोंडापर्यंत आणि तिथून पुढे भंडारदऱ्याच्या पाण्याला वळसा घालणारी वाट मात्र माउंटन बाइकसाठी फार चांगली आहे. शनिवारी निम्मी चक्कर, साम्रदला मुक्काम, रविवारी पहाटे दरीत पायी आणि मग उरलेली चक्कर, असा हा आराखडा. तो सहा ते आठ जणांच्या गटासाठी लिहिला आहे. आठांपेक्षा जास्त मंडळी असतील तर दोन गट करा आणि दोन्ही गटांची दुरुस्तीची हत्यारं वेगळी ठेवा.

अशा राइडचा वेळ दमलेली माणसं जितका खातात, त्याहून जास्त बिघडलेल्या सायकली खातात. एक साधं पंक्चर एकट्या माणसाची पंधरा मिनिटं घेतं. आठ जणांच्या गटात तेवढ्याच पंक्चरला अर्धा तास जातो, कारण तिघं सल्ले देतात, दोघं फोटो काढतात आणि निघताना कुणाचा तरी हातमोजा सापडत नाही. म्हणून या लेखात सायकलीची तयारी लांबलचक आहे आणि निसर्गवर्णन जवळजवळ नाही.

कधी आणि कुठून

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हा उत्तम काळ. पावसाळ्यात सांदण म्हणजे पाण्याचा नाला असतो. वर घाटमाथ्यावर सर पडली की खाली लोंढा येतो आणि कडे सरळसोट असल्यामुळे बाजूला व्हायला जागा नसते. ऑक्टोबरात दरीतल्या सुरुवातीच्या दोन डोहांत कमरेच्या वर पाणी असू शकतं; हिवाळा सरेल तसं ते उतरतं. मार्चनंतर सायकलवर ऊन सोसवत नाही. मोसम कुठलाही असो, आदल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस झाला असेल तर दरीत उतरू नका. फक्त चक्कर करा.

सुरुवात शेंडी गावातून. प्रवरेवरचं विल्सन धरण, म्हणजेच भंडारदरा धरण, १९२६ साली पूर्ण झालं, त्याच्या कुशीतलं हे गाव. मुंबई-नाशिकहून येणारे घोटीवरून बारीमार्गे येतात, पुण्याचे अकोले-राजूरवरून. शुक्रवारी रात्री शेंडीत पोहोचा. शनिवारी पहाटे घरून निघून दहाला सायकली उतरवायच्या आणि अकराला पहिला चढ उन्हात घ्यायचा, हे गणित दर वेळी चुकतं.

पूर्ण वळसा ४५ ते ५० किलोमीटरचा धरा. शनिवारी शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद. रविवारी साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत, शेंडी. डांबर, उखडलेलं डांबर, मुरूम आणि खडी असा मिश्र रस्ता आहे, आणि कुठला तुकडा कोणत्या अवस्थेत आहे हे दरवर्षी पावसाळ्यानंतर बदलतं. गटाचा सरासरी वेग ताशी आठ ते दहा किलोमीटर धरा, त्यात छोटे थांबे आले. त्यामुळे एका दिवसाच्या पंचवीस किलोमीटरला तीन तास पुरतात, पण हिशेबात पाच ठेवा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगराच्या सावलीत अंधार त्याआधीच होतो. चारपर्यंत मुक्कामी पोहोचायचं, हा नियम गटात सगळ्यांना माहीत हवा.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर नोंद करा, शुल्क भरा, पावती जवळ ठेवा. साम्रदमध्ये घरगुती मुक्काम आणि जेवण मिळतं, पण आठ जणांच्या भाकऱ्या आयत्या वेळी थापायला लावू नका. चार-पाच दिवस आधी फोन करून माणसं किती, शाकाहारी किती, दरीसाठी वाटाड्या हवा का, हे तिन्ही एकदम सांगा.

दोन आठवडे आधी: सायकल

आदल्या रात्री सायकल तपासली की बिघाड सापडतो, पण सुटा भाग मिळत नाही. म्हणून दोन आठवडे.

चेनपासून सुरुवात करा. चेन मोजायचं पट्टीसारखं हत्यार शंभर-दीडशे रुपयांपासून मिळतं. अकरा-बारा गिअरच्या चेनसाठी ०.५ टक्के, नऊ-दहा गिअरसाठी ०.७५ टक्के ताण दिसला की चेन बदला. ताणलेली चेन सपाटीवर कुरकुर करत नाही. ती दात सोडते तेव्हा तुम्ही चढावर उभं राहून पेडल मारत असता आणि गुडघा थेट हँडलवर आदळतो. नवी चेन टाकली तर निदान एक राइड घरच्या रस्त्यावर करा. जुन्या घासलेल्या कॅसेटवर (मागच्या दात्यांच्या संचावर) नवी चेन घसरते, आणि ते रतनवाडीत कळून उपयोग नाही.

ब्रेक. डिस्क ब्रेकचा पॅड बाहेर काढून पाहा. पत्र्यासकट जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर बदला. नवे पॅड लगेच धरत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ताशी वीस-पंचवीस वेगाने जाऊन चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक दाबायचा, पूर्ण थांबायचं नाही. पुढच्या-मागच्या ब्रेकला प्रत्येकी वीस वेळा. हायड्रॉलिक ब्रेकची मूठ हँडलला टेकत असेल, किंवा दोन-तीनदा दाबल्यावर कडक होत असेल, तर तेलात हवा शिरली आहे. ते काम दुकानात करून घ्या. आणि चेनला स्प्रे मारताना डिस्कवर तुषार उडाले की पॅड गेले समजा. थेंबाने तेल सोडा, दहा मिनिटांनी फडक्याने कोरडं पुसा. तेल चेनच्या आत हवं, बाहेर ते फक्त धूळ धरतं.

डिरेलरचा हॅन्गर म्हणजे मागचे गिअर बदलणारा भाग, म्हणजे डिरेलर, फ्रेमला जोडणारा मऊ धातूचा छोटा तुकडा. सायकल उजव्या बाजूवर पडली की तो वाकतो, आणि वाकावा असाच बनवलेला असतो, म्हणजे फ्रेम वाचते. गंमत अशी की जवळजवळ प्रत्येक मॉडेलचा हॅन्गर वेगळा. गटात कुणाचा तरी चालेल, असं होत नाही. आपला स्वतःचा एक विकत घेऊन सीटखालच्या पिशवीत टाका. या राइडसाठी एकच सुटा भाग घ्यायचा असेल, तर हाच घ्या.

टायर २.१ ते २.३५ इंच रुंद चालतील. सत्तर किलोच्या माणसाला ट्यूबवाल्या टायरमध्ये पुढे २५ आणि मागे २८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), ट्यूबलेसमध्ये पुढे २१ आणि मागे २४ पासून सुरुवात करा. वजन दर पाच किलोंनी वाढेल तसा एक पीएसआय वाढवा. बहुतेक नवखे चाळीसच्या वर हवा भरतात, कारण शहरात तशी सायकल हलकी धावते. खडीवर तेच टायर उसळी घेतं, पकड सोडतं आणि दोन तासांत मनगटं दुखायला लागतात. उलट हवा फार कमी केली तर दगडाच्या धारेवर टायर दबून ट्यूब रिमला आपटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेसचं सीलंट, म्हणजे बारीक भोकं आतून बुजवणारा द्रव, आपल्या हवेत दोन-तीन महिन्यांत सुकतं. टायर हलवून आत पाण्यासारखा आवाज येत नसेल तर २९ इंची चाकात ८० ते १०० मिलिलिटर नवं भरा.

शेवटी चाक हातात धरून डावी-उजवीकडे हलवा, हँडल दाबून पुढचा ब्रेक धरा आणि सायकल पुढे-मागे ढकला. कुठेही खटखट आली तर बेअरिंग किंवा हेडसेट (हँडल जिथे फिरतं तो सांधा) सैल आहे.

गटाची पेटी

प्रत्येकाकडे आपल्या मापाच्या दोन ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, आपला हॅन्गर, आपल्या गिअरसंख्येची चेन जोडणारी कडी, शिट्टी आणि हेडलाइट. ट्यूब बॉक्समधून काढून जुन्या मोज्यात गुंडाळा. हत्यारांशी घासून पिशवीतच पंक्चर झालेल्या ट्यूब काही कमी नसतात.

गटात दोन पंप हवेत, एक पुढच्याकडे, एक शेवटच्याकडे. दोन्ही पंपांना बारीक प्रेस्टा आणि मोटारसायकलचा, असे दोन्ही व्हॉल्व्ह लागले पाहिजेत. चेनकटरसकट मल्टिटूल, त्यात ४, ५, ६ मिलिमीटरच्या ॲलन चाव्या आणि डिस्कच्या बोल्टसाठी टी२५. पॅच आणि सोल्युशन, ट्यूबलेसचे प्लग, एक जोड ब्रेक पॅड, दहा-बारा झिपटाय, थोडा डक्ट टेप, रबरी हातमोजे आणि जुन्या टायरचा बोटभर लांब तुकडा. टायर बाजूने फाटला तर हा तुकडा आतून लावला की ट्यूब बाहेर फुगत नाही. प्रेस्टाला लावायचं छोटं पितळी ॲडॉप्टर मिळतं. ते असलं की गावातल्या मोटारसायकलच्या गॅरेजचा कंप्रेसरही आपलाच.

औषधांत जखम धुवायला सलाईनची बाटली, निर्जंतुक गॉझ, रोलर बँडेज, हात गळ्यात बांधायला त्रिकोणी फडकं, ओआरएसची दहा पाकिटं. सायकलवरून पडणाऱ्याचं गळपट्टीचं हाड मोडणं सर्वात नेहमीचं. तिथे झोळी बांधणं आणि गाडी बोलावणं, इतकंच आपल्या हातात असतं.

पाणी माणशी तीन लिटर घेऊन निघा आणि तासाला अर्धा ते पाऊण लिटर प्या. खायला चिक्की, खजूर, उकडलेले बटाटे मिठासकट. चॉकलेट वितळतं, केळी पिशवीत चेंगरतात.

सायकली न्यायच्या कशा

टेम्पोत सायकली एकीचं हँडल पुढे, दुसरीचं मागे अशा उभ्या लावा आणि मध्ये जुनी गोधडी किंवा पुठ्ठा घाला. डिरेलर दुसऱ्या सायकलीवर टेकता कामा नये. त्याआधी चेन मागच्या सर्वात मोठ्या दात्यावर आणा, म्हणजे डिरेलर आत सरकतो. चाक काढलं असेल तर डिस्क ब्रेकच्या फटीत पुठ्ठ्याचा घडी घातलेला तुकडा सरकवा. तो नसताना कुणी चुकून मूठ दाबली की पॅड आतल्या आत मिटतात आणि शेंडीत चाकच बसत नाही.

शनिवार: शेंडी ते साम्रद

साडेसातला निघा. निघण्याआधी पाच मिनिटं सगळ्यांना गोल उभं करा आणि चार गोष्टी सांगा: पुढे कोण, शेवटी कोण, फाट्यावर काय करायचं, शिट्टीचा अर्थ काय.

पुढच्याला रस्ता पाठ हवा आणि त्याच्या फोनमध्ये इंटरनेटशिवाय चालणारा नकाशा. गटातला सर्वात वेगवान माणूस पुढे ठेवू नका, तो विसाव्या मिनिटाला दिसेनासा होतो. शेवटचा मात्र पक्का चालवणारा आणि दुरुस्ती येणारा असावा. त्याच्या मागे गटातलं कुणीही कधीही असता कामा नये. फाट्याचा नियम एकच. फाट्यावर पोहोचलेल्या प्रत्येकाने मागचा माणूस नजरेला पडेपर्यंत थांबायचं, त्याला हाताने दिशा दाखवायची आणि मगच वळायचं. गट कितीही ताणला गेला तरी साखळी तुटत नाही. तीन शिट्ट्या म्हणजे सगळे थांबा. मोबाइलवर भिस्त नको, साम्रद-घाटघरकडे रेंज लागली तर नशीब.

मुतखेलकडून रतनवाडीपर्यंत रस्ता पाण्याच्या कडेने वर-खाली होतो. एकही चढ फार मोठा नाही, पण ते संपत नाहीत. गिअर चढाच्या पायथ्याशीच हलका करा. चढावर जोर लावलेला असताना एकदम तीन-चार गिअर बदलले की चेन तिरपी ओढली जाते आणि तुटते. खडीच्या चढावर उभं राहिलं की मागचं चाक जागेवर फिरतं. सीटच्या पुढच्या टोकावर सरका, कोपर खाली आणा, छाती हँडलकडे झुकवा.

उतारावर सीट चार-पाच सेंटिमीटर खाली घ्या, पेडल आडवी एका पातळीत ठेवा, टाचा खाली दाबा. माणूस आणि माणूस यांच्यात निदान वीस मीटर अंतर हवं. धुळीत पुढच्याचं चाक दिसत असेल तर तुम्ही फार जवळ आहात. पुढचा ब्रेकच सायकल थांबवतो. मागचा एकटा दाबला की चाक घासत जातं आणि सायकल थांबत नाही. पण पुढचा ब्रेक वळणाच्या आधी सरळ रेषेत दाबायचा. सुट्या मुरमावर वळताना तो दाबला की पुढचं चाक आडवं जातं. लांब उतारावर मूठ सतत अर्धी दाबून ठेवू नका. दोन-तीन सेकंद जोरात, मग सोडा, मग पुन्हा. डिस्कला थंड व्हायला तेवढी उसंत लागते.

फरशीपुलांवरून पाणी वाहत असेल तिथे शेवाळ असतं. त्यावर सरळ जायचं. ना वळायचं, ना ब्रेक. खात्री नसेल तर उतरून सायकल ढकला. ओढ्यातला ओला बेसाल्ट सायकलच्या बुटांना अजिबात पकड देत नाही.

रतनवाडीला अमृतेश्वराचं शिलाहारकालीन मंदिर आहे. मोठी विश्रांती इथेच घ्या. कोरीव काम बघायला वेळ ठेवा आणि सायकली मंदिराच्या दगडी कठड्याला टेकवून ठेवू नका. मागे रतनगड, जिथे प्रवरा उगम पावते. इथून साम्रदचा टप्पा झाडीचा आणि लहानसा आहे, पण दुपारच्या जेवणानंतर पाय जड झालेले असतात. बहुतेक जण पडतात ते याच टप्प्यात, तेही सोप्या जागी. या भागातली भातखाचरं कापणीनंतर मोकळी दिसतात. बांधांवरून सायकल घालू नका, बांध फुटतात आणि ते पुन्हा घालणारं कुणीतरी असतं.

पंक्चर, क्रमाने

एकच जण काम करेल, एक जण त्याला सामान देईल, बाकीच्यांनी रस्त्याच्या एका बाजूला सावलीत बसायचं.

मागचं चाक असेल तर आधी चेन सर्वात लहान दात्यावर आणा, मग एक्सल सोडा. चाक निघालं की ब्रेकची मूठ दाबायची नाही. टायरची एक कड लिव्हरने काढा, ट्यूब ओढा, थोडी हवा भरून भोक शोधा. आता ट्यूब टायरवर व्हॉल्व्हच्या जागेनुसार धरा, म्हणजे काटा कुठे असेल ते कळतं. टायरच्या आतून बोटं सावकाश फिरवा. बाभळीचा काटा बाहेरून दिसत नाही, आतून अर्धा मिलिमीटर टोचतो. तो न काढता नवी ट्यूब टाकली की दोनशे मीटरवर पुन्हा तेच, आणि या चुकीइतका वेळ दुसरी कुठलीच चूक खात नाही. भोक ट्यूबच्या आतल्या बाजूला असेल तर काट्याला दोष देऊ नका. रिमची पट्टी सरकून स्पोकचं भोक उघडं पडलं आहे, तिथे डक्ट टेप लावा.

नवी ट्यूब आकार धरेल इतकीच फुगवून आत बसवा. टायरची कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून हातानेच चढवत या आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. शेवटचा वीतभर भाग लिव्हरने चढवायचा मोह होतो. तिथेच नवी ट्यूब चिमटते. पॅचचं काम मुक्कामी करा.

चेन, हॅन्गर आणि घरी जाण्यापुरती सायकल

कुणीही उजव्या बाजूवर पडलं की उठल्यावर सायकलच्या मागे उभं राहून डिरेलर पाहा. तो चाकाच्या दिशेने कललेला दिसला तर सर्वात हलक्या गिअरवर जायचं नाही. नाहीतर डिरेलर स्पोकमध्ये शिरतो आणि हॅन्गर, डिरेलर, चार-पाच स्पोक, सगळं एका फेऱ्यात जातं.

तेवढं झालंच, तर डिरेलर काढून टाका. चेन पुढच्या लहान दात्यावरून मागच्या मधल्या दात्यावर सरळ रेषेत धरा, जास्तीच्या कड्या चेनकटरने काढा आणि जोडणारी कडी लावा. एका गिअरची सायकल घरी पोहोचते. मागे सस्पेन्शन असेल तर ही युक्ती डळमळीत ठरते, कारण चाक वर-खाली होताना चेनची लांबी कमी-जास्त लागते. सावकाश जा आणि चढावर उतरा.

रविवार: दरी, मग घाटघर

साडेसहाला वाटाड्यासोबत निघा. सायकली गावातच राहू द्या. पेडलला अडकणारे क्लिपवाले बूटही, धातूची क्लिप खडकावर साबणासारखी घसरते. रबरी तळव्याचे साधे बूट शनिवारच्या सामानात आणलेले हवेत. वरून दगड सुटतात, म्हणून हेल्मेट घाला. गिर्यारोहणाचं असेल तर उत्तम, नसेल तर सायकलचं, पण ते वरून येणाऱ्या दगडासाठी बनवलेलं नाही हे ध्यानात ठेवा. कड्यांवर आग्या मोहोळं असू शकतात. सिगारेट, धूर, भडक अत्तर आणि आरडाओरड, चारही बंद.

शिळा हलतात. वजन टाकण्याआधी पायाने दाबून पाहायची सवय लावा आणि दोघांनी एकाच शिळेवर उभं राहू नका. फोन आणि सुके मोजे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, डोह ओलांडताना पिशवी डोक्यावर. पुढे दरी कड्यावरून खाली कोकणाच्या बाजूला उतरते. त्या टप्प्याला दोर, हार्नेस आणि जाणकार माणसं लागतात. आपण त्याच्या बऱ्याच आधी मागे फिरायचं. आठ वाजता घड्याळ पाहा आणि असाल तिथून परता, म्हणजे साडेनऊपर्यंत गावात पोहोचता.

भाकरी-पिठलं खाऊन अकराच्या आत सायकलवर बसा. सकाळची चाल मांड्यांत उतरलेली असते, म्हणून पहिला अर्धा तास मुद्दाम हळू. घाटघरला कोकणकड्यावर थांबा. इथे वरच्या धरणातून खाली पाणी सोडून वीज बनवतात आणि विजेची मागणी कमी असेल तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवतात; प्रकल्प २५० मेगावॉटचा आहे. कड्याच्या काठापासून सायकली वीस-पंचवीस पावलं मागे आडव्या ठेवा, डाव्या बाजूवर. वारा उभी सायकल सहज पाडतो.

उडदावणे, पांजरे, मुरशेत हा परतीचा टप्पा सोपा वाटतो. रविवारी दुपारी याच अरुंद रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या असतात, म्हणून एका रांगेत चाला आणि आंधळ्या वळणावर आतली बाजू कापू नका. मोठी दुखापत झाली तर १०८ला फोन लावा. रेंज नसेल तर दोघांना जवळच्या गावात पाठवा, एकट्याला नाही. डोक्याला मार बसलेल्याने, तो कितीही ‘ठीक आहे’ म्हणाला तरी, पुन्हा सायकल चालवायची नाही. साप चावला तर जखम कापू नका, आवळून बांधू नका. हात-पाय हलणार नाही असा आधार द्या आणि गाडीने राजूरकडे किंवा घोटीकडे निघा.

शेंडीत पोहोचल्यावर सायकली गाडीत चढवण्याआधी प्रत्येक टायरवरून एकदा हात फिरवून काटे काढा. ते तसेच राहिले तर सोमवारी सकाळी चाक बसलेलं सापडतं.